तारेची लांबी, तारेची जाडी : जॉर्ज सायमन ओहम यांचे जीवन

पेणहून रोह्याकडे जाणारा लोहमार्ग कासूवरून पुढे नागोठण्याकडे जातो. त्या मार्गावर गाडीच्या डोक्याशी जी तांब्याची तार ताणलेली असते, तिचा काटछेद १०७ चौरस मिलिमीटर इतका ठरवून दिलेला आहे. आपल्या घरातील दिव्याकडे जाणारी तार मात्र एक-दीड चौरस मिलिमीटरचीच असते. शेतातील पंपाला कोणती तार लावावी, घरातील मिक्सरला कोणती, खांबावरून कोणती न्यावी, हे आज वायरमन क्षणात सांगतो आणि दुकानदारही तारेच्या वेटोळ्यावरील आकडा वाचून ती देतो. हा आकडा कोठून आला याचा शोध घेत मागे गेले, की आपण सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तरापर्यंत येऊन पोहोचतो. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावाचा नियम सर्वांनी पाठ केलेला असतो. त्यांचे आयुष्य मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

जॉर्ज यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे तयार करणारे कारागीर होते आणि आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची मुलगी. या दांपत्याला सात अपत्ये झाली, त्यांपैकी तीनच जगली : जॉर्ज, त्यांचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बारा. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी शाळेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, पण हातातील कानस बाजूला ठेवल्यावर हा माणूस पुस्तके घेऊन बसे. गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि तत्त्वज्ञान हे विषय ते स्वतःच्या बळावर शिकले आणि दोन्ही मुलांना त्यांनी ते स्वतः शिकवले. गावातील शाळेत जॉर्ज अकराव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत गेले. तेथे पाठांतरावर भर होता आणि विज्ञान नावापुरतेच होते. खरे शिक्षण घरी, कामाच्या बाकाशेजारी झाले. एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना बर्नुली घराण्यातील गणितज्ञ बंधूंची आठवण झाली. धाकटा मार्टिन पुढे खरोखरच नामवंत गणितज्ञ झाला.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाले आणि तीन सत्रांनंतर अभ्यासातून उठले. थोर पुरुषांच्या चरित्रांत असा भाग सहसा गाळला जातो, पण तो गाळण्याचे कारण नाही. नाच, बर्फावर घसरणे आणि बिलियर्डचा खेळ यांत त्यांचा वेळ जाऊ लागला. स्वतःला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवतो आहे हे पाहून वडील संतापले आणि त्यांनी त्याचे शिक्षण थांबवले. १८०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जॉर्ज यांची रवानगी स्वित्झर्लंडमधील गोटश्टाट येथील शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून झाली. तीन वर्षांनी त्यांनी ती नोकरी सोडली आणि नॉयशातेल येथे ते खासगी शिकवण्या करू लागले. लांग्सडोर्फ एव्हाना हायडेलबर्गला गेले होते. त्यांच्याकडे जाऊन शिकावे असे जॉर्ज यांच्या मनात होते. पण ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांचे ग्रंथ स्वतःच वाचावेत, असा सल्ला गुरूंनी दिला. तो सल्ला त्यांनी मानला. १८११ साली ते एर्लांगेनला परतले आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पदवी मिळाली, पोट मात्र भरेना. विद्यापीठात तीन सत्रे शिकवल्यावर तेथे आपल्याला भवितव्य नाही हे त्यांच्या लक्षात आले. १८१३ साली बव्हेरियाच्या सरकारने त्यांना बाम्बेर्ग येथील एका हलक्या प्रतीच्या शाळेत नेमले. तेथे मन रमेना, म्हणून त्यांनी भूमितीवर एक प्राथमिक पुस्तक लिहायला घेतले. १८१६ साली ती शाळाच बंद पडली आणि त्यांना त्याच गावातील दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेल्या शाळेत पाठवण्यात आले. भूमितीचे पुस्तक पूर्ण झाल्यावर त्यांनी त्याची प्रत प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्याकडे पाठवली. हा उपाय लागू पडला. सप्टेंबर १८१७ मध्ये कोलोन येथील जेझुइटांच्या जुन्या विद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. त्या विद्यालयाची प्रयोगशाळा चांगली सुसज्ज होती. ओहम यांच्या आयुष्यातील निर्णायक गोष्ट कोणती असे विचारले, तर मी या प्रयोगशाळेचे नाव घेईन.

विजेचे शास्त्र त्या काळी अगदी कोवळे होते. व्होल्टा यांनी १८०० साली विद्युतघटांची चळत प्रसिद्ध केली होती. १८२० साली कोपनहेगनचे ओर्स्टेड यांनी दाखवले, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची चुंबकसूची हलते. म्हणजे वीज किती वाहते हे मोजण्याचे साधन हाती आले. पण तार लांब केली तर काय होते, बारीक केली तर काय होते, याचा नीट हिशेब कोणापाशीच नव्हता. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांनी अठराव्या शतकातच यासंबंधी प्रयोग केले होते, तेही स्वतःच्या शरीराला बसणारे झटके तोलून. मात्र ते छापले नाहीत आणि १८७९ पर्यंत कागदांतच पडून राहिले. हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ साली दाखवले होते, की तारेची वहनशक्ती तिच्या पृष्ठभागावर अवलंबून नसून आतील भरीव काटछेदावर अवलंबून असते आणि लांबीबरोबर ती घटते. तेव्हा हा सारा शोध एकट्या ओहम यांचा, असे म्हणणे बरोबर होणार नाही. घट, तार आणि प्रवाह या तिघांना एका सूत्रात बांधण्याचे काम मात्र त्यांचेच.

पहिल्या प्रयत्नात ते फसले. १८२५ साली छापलेल्या निबंधात त्यांनी जे सूत्र मांडले, ते पुढे टिकले नाही. दोष साधनात होता. व्होल्टाचे घट सुरुवातीला जोराने वीज देत आणि थोड्याच वेळात मंदावत. त्यामुळे फरक तारेमुळे पडला की घट दमल्यामुळे, हे कळत नसे. नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवले, की घटाऐवजी झेबेक यांची तापविद्युत जोडी वापरून पाहावी. दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की त्यांतून वीज वाहते. आणि तापमानांतील अंतर बदलले नाही तर विजेचा जोरही बदलत नाही.

जानेवारी १८२६ मध्ये ओहम कामाला लागले. बिस्मथची एक पट्टी, तिच्या दोन टोकांना तांबे. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोहोंमधील अंतर ठरलेलेच. प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी चुंबकसूची एका बारीक पट्टीने टांगली; प्रवाहाने सूची वळली की वरची चकती फिरवून ती पुन्हा जागेवर आणायची आणि चकती किती अंश फिरवावी लागली ते लिहून ठेवायचे. ही सारी घडण त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. कुलपाच्या कारागिराच्या घरी धातू कापणे, तासणे, जोडणे हे हात लहानपणीच शिकले होते आणि आता ते कौशल्य विद्यापीठाच्या पदवीइतकेच उपयोगी पडले.

मग त्यांनी तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांची जाडी सारखी, दोन मिलिमीटरच्या आसपास. लांबी मात्र २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार जोडून अंश टिपले आणि निरनिराळ्या दिवशी तेच पुन्हा पुन्हा केले. आकडे समोर मांडल्यावर त्यांना एक साधे सूत्र दिसले. प्रवाह काढायचा असेल तर एका ठरावीक संख्येला, तारेची लांबी आणि दुसरी एक ठरावीक संख्या यांच्या बेरजेने भागायचे. पहिली संख्या विजेला ढकलणाऱ्या जोराची, दुसरी संख्या तार सोडून उरलेल्या जोडणीच्या अडथळ्याची. ही ओळख खरी की काय हे पाहण्यासाठी त्यांनी सांध्यांमधील तापमानाचे अंतर पुष्कळ कमी केले. पहिली संख्या घटली, दुसरी होती तशीच राहिली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात हीच तपासणी सर्वांत देखणी आहे. कारण जोर वेगळा आणि अडथळा वेगळा, हे येथे प्रथमच स्वच्छ दिसले. आज आपण त्यांना विभवांतर आणि रोध म्हणतो.

जाडीचा विचारही त्यांनी केला. एकाच धातूच्या दोन तारा निरनिराळ्या जाडीच्या असतील, तर त्यांच्या लांबीचे प्रमाण काटछेदांच्या प्रमाणाइतके ठेवले म्हणजे दोन्ही विजेला सारखाच अडथळा करतात. दुप्पट क्षेत्रफळाची तार दुप्पट लांब चालते. येथे विद्यार्थी हमखास चुकतात ती गोष्ट सांगायला हवी. हिशेब काटछेदाच्या क्षेत्रफळाचा आहे, व्यासाचा नव्हे. तारेचा व्यास निम्मा केला तर क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि रोध चौपट होतो, दुप्पट नव्हे. तीच तार निम्म्या व्यासाची आणि शिवाय दुप्पट लांबीची घेतली, तर रोध आठपट.

आपल्या शेताचेच उदाहरण घेऊ. खांबापासून पंप १०० मीटरवर आहे असे समजा. वीज जाते आणि परत येते, म्हणून तार धरायची २०० मीटर. तांब्याच्या एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. दीड चौरस मिलिमीटरची तार टाकली तर २०० मीटरचा रोध सुमारे २.३ ओहम होईल. पंप १० अँपिअर घेत असेल तर २३ व्होल्ट तारेतच खर्च होतील आणि २३० पैकी २०७ व्होल्टच पंपापर्यंत पोहोचतील. सुरू होताना मोटार कितीतरी पट अधिक प्रवाह ओढते. तेव्हा तर ती नुसतीच गुरगुरते, फिरत नाही. तारेत खर्च झालेली वीज तारच तापवते. चार चौरस मिलिमीटरची तार टाकली असती, तर हीच घट नऊ व्होल्टच्या आत राहिली असती. तार अल्युमिनियमची असेल तर तिचा रोध तेवढ्याच तांब्याच्या तारेच्या दीडपटीहून थोडा अधिक असतो, म्हणून ती त्या मानाने जाड घ्यावी लागते. तारेवर वाचवलेले पैसे पुढे मोटारीच्या वाइंडिंगला द्यावे लागल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. फ्यूजमध्ये मात्र मुद्दामच बारीक तार घालतात : प्रवाह वाढला की तिनेच आधी तापून वितळावे आणि बाकीचे घर वाचवावे.

प्रयोगांनी ओहम यांना आत्मविश्वास दिला. अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेऊन ते बर्लिनला गेले. मार्टिन तेथे गणित शिकवत असत. त्यांच्याकडे राहून ओहम यांनी विद्युतमंडलाचे गणिती विवेचन करणारा आपला ग्रंथ लिहिला आणि तो १८२७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जोतीराव फुले यांचा जन्म झाला ते हेच वर्ष. फ्रान्सच्या फूरिये यांनी उष्णता धातूतून कशी वाहते याचे गणित १८२२ साली मांडले होते. वीजही तशीच, एका कणाकडून शेजारच्या कणाकडे जात असावी, असे धरून ओहम यांनी प्रयोगातून सापडलेला नियम गणिताने सिद्ध केला.

या ग्रंथामुळे एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. त्या काळच्या जर्मनीत पदार्थविज्ञानाला इतके गणित लावणे अनेकांना पसंत नव्हते. शिवाय ओहम यांनी ग्रंथात गणित पुढे आणि प्रयोग मागे ठेवल्यामुळे वाचकांना तो नुसता कल्पनाविलास वाटला. बर्लिनमधील पोल यांनी त्यावर कठोर टीका केली. शिक्षणखात्यातही त्यांची बाजू घेणारे कोणी निघाले नाही. मार्च १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय एकोणचाळीस, हाती जगाला पुढे उपयोगी पडणारा शोध, आणि उपजीविकेसाठी बर्लिनमधील शाळांतून गणिताचे थोडेसे तास. ही स्थिती पाच वर्षे राहिली. त्यांनी लग्न केले नाही.

त्यांच्या उपेक्षेची कथा पुढे बरीच फुगवली गेली. वस्तुस्थिती अशी, की लाइपझिगचे फेखनर आणि सेंट पीटर्सबर्गचे लेंझ यांनी १८३० नंतरच्या काही वर्षांतच हा नियम तपासून स्वीकारला होता. म्हणजे ज्यांनी स्वतः तारा जोडून पाहिल्या, त्यांना तो पटला. नोकऱ्या देणे ज्यांच्या हाती होते, त्यांनी तारा जोडून पाहिल्या नव्हत्या, इतकेच.

१८३३ साली न्यूरेम्बर्गच्या तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. विद्यापीठाचा मान त्या जागेला नव्हता, पण स्थैर्य आले. खरा मान परदेशातून आला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्यांना कोप्ली पदक दिले आणि पुढच्या वर्षी परदेशी सभासद करून घेतले. विलायतेने गौरवल्यावर मायदेशाला जाग यावी, हा अनुभव आपल्याकडचाच आहे असे नाही. १८४५ साली बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना पूर्ण सभासदत्व दिले. मध्यंतरी १८४३ साली त्यांनी ध्वनीवर एक निबंध लिहिला होता : कान एखादा मिश्र स्वर ऐकताना त्यातील साधे स्वर वेगवेगळे ओळखतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावरही वाद झाला आणि हेल्महोल्ट्झ यांनी पुढे त्याच पायावर काम उभारले.

१८४९ साली ते अकादमीच्या उपकरणसंग्रहाचे प्रमुख म्हणून म्युनिकला गेले. १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांना म्युनिक विद्यापीठात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यासन मिळाले. ज्या जागेची तरुणपणापासून वाट पाहिली, ती दोन वर्षेच लाभली. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथेच त्यांचे निधन झाले.

त्याच १८५४ साली मुंबई तारायंत्राने आग्र्यामार्गे कलकत्त्याशी जोडली गेली. त्या कामाचे प्रमुख डॉ. ओशॉनेसी यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळया वापरल्या. लोखंड तांब्यापेक्षा विजेला कितीतरी अधिक अडवते. त्याची भरपाई जाडीने होते, आणि वादळ, माकडे व पक्षी यांनाही जाड सळई दाद देत नाही. समुद्राखालील तारेच्या बाबतीतही हाच धडा महागात शिकावा लागला. अटलांटिक महासागरात १८५८ साली टाकलेल्या तारेत दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते. तिच्यातून संदेश फार मंद गतीने जात, आणि ते वेगाने जावेत म्हणून विजेचा जोर बेसुमार वाढवला तेव्हा ती काही आठवड्यांतच निकामी झाली. १८६६ च्या यशस्वी तारेत तांबे ३०० पौंड होते.

आपल्या रायगड जिल्ह्यात या नियमाचा मोठा हिशेब खोपोलीला मांडला गेला. टाटांचे जलविद्युत केंद्र तेथे १९१५ साली सुरू झाले. त्यानंतर १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. वीज घाटाच्या पायथ्याशी, गिरण्या मुंबईत. एवढ्या लांब तारेचा रोध टाळता येत नाही, आणि तो कमी करण्यासाठी तार वाटेल तितकी जाड केली तर तांब्याचा खर्च आणि वजन दोन्ही पेलवत नाहीत. म्हणून विजेचा दाबच एक लाख व्होल्टच्या आसपास नेला. दाब दहापट केला की तितक्याच शक्तीसाठी प्रवाह एक दशांश पुरतो. आणि तारेतील उष्णतेची हानी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे ती शंभरावा भागच उरते. ओहम यांच्या हयातीत असल्या योजनेचे कोणाला स्वप्नही पडले नव्हते, तरी तिचा हिशेब त्यांच्याच सूत्रावर चालतो. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीच्या धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, हेही त्या तारांकडे पाहताना आठवल्यावाचून राहत नाही.

१८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव देण्यात आले. व्होल्टा आणि अँपिअर यांची नावे त्याच्या शेजारी बसली. मग प्रश्न आला, की एक ओहम म्हणजे नेमके किती? १८९३ साली शिकागो येथील परिषदेने ते मापानेच सांगितले : बर्फाच्या तापमानाला, १०६.३ सेंटिमीटर लांब, सर्वत्र सारख्या काटछेदाच्या आणि १४.४५२१ ग्रॅम वजनाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध. हा काटछेद जवळजवळ एक चौरस मिलिमीटर येतो. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी काचेच्या बारीक नळ्या ओढून घेतल्या, त्या पाऱ्याने भरल्या, पारा तोलला, लांबी मोजली आणि एककाच्या प्रती आपापल्या कपाटांत ठेवल्या.